बी साइडला कारखाना

सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा आत रेकॉर्डिंग चालू होतं. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका गावातलं भजनी मंडळ आलं होतं. बुवांचा आवाज छान लागला होता, पखवाजही साथीला बरोबर होता, आणि बाहेरच्या बाकावर एक उंच, किंचित वाकलेला माणूस डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, अभंगात रमलाय. अभंग संपला, मी टेप थांबवला, तसे ते सरळ आत आले आणि म्हणाले, "आता मंडळींना थोडं गप्प बसवून तो मागचा आवाज एकटा ऐकवाल का?"

मागचा आवाज म्हणजे आमच्या वायरिंगमधून येणारी घूंऽऽ अशी गुणगुण. ती घालवायला मी जंग जंग पछाडलं होतं. अर्थिंग नव्याने केलं, वायरी बदलल्या, मुंबईहून ट्रान्सफॉर्मर आणवला. ती थोडी कमी व्हायची आणि लोडशेडिंग झालं की दुसऱ्या दिवशी परत यायची.

"ही काढू नका," सर म्हणाले. "हा आपल्या गावाचा षड्ज आहे. मी माझी गिटार ह्यावरच लावतो."

बुवा माझ्याकडे बघायला लागले. मी सरांना नम्रपणे सांगितलं की आत काम चाललंय, तुम्ही नंतर या. ही माझी चूक झाली. ते नंतर आले, आणि पुढे चार-पाच वर्षं येतच राहिले.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. वडील गेल्यावर त्यांचं कॅसेटचं दुकान आणि मागची रेकॉर्डिंगची खोली माझ्याकडे आली होती. भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे, एक जुना मिक्सर, दोन बरे माइक. भजनं, कोकणातली जाखडी-नमनाची गाणी, आरत्या, कधीतरी एखाद्या पुढाऱ्याचा निवडणुकीचा प्रचार. ह्यावर घर चालत होतं आणि मला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

सर तंत्रशिक्षणाच्या संस्थेत रेफ्रिजरेशन शिकवायचे. मूळचे राजापूरकडचे. नोकरीआधी काही वर्षं ते मालवाहू बोटीवर होते, तिथली शीतगृहं सांभाळायला. इंजिनरूममध्ये त्यांच्याबरोबर एक उत्तरेकडचा गोरा होता. त्याने ह्यांना मेटल नावाच्या रॉक संगीताच्या कॅसेट ऐकवल्या, आणि मेटलमधल्याही सगळ्यात टोकाच्या. म्हणजे गिटार करवतीसारखी, ड्रम गारपिटीसारखे, आणि गाणारा माणूस गात नाही, पोटातून गुरगुरतो.

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं इंजिन बिघडलं," सर सांगायचे. "उठून तपासलं. इंजिन ठीक होतं. तेव्हा कळलं की हे संगीत आहे."

ह्यातला विनोद त्यांना कळायचा नाही. ते गंभीरपणे सांगायचे आणि आपण हसलो की दुखावले जायचे.

लाकडाच्या वखारीमागे करवतीच्या आवाजासाठी मुद्दाम घेतलेल्या खोलीत ते राहायचे. वखार बंद पडली तेव्हा त्यांनी खोली सोडली. लग्नाला गेले तर मांडवामागे जनरेटरपाशी उभे राहायचे. रस्त्यात एखाद्याची स्कूटर थांबवून सांगायचे, "तुमचं बेअरिंग गेलंय. पण बदलू नका." आवडलं नाही की त्यांचा एकच शब्द होता, 'गोड'. सिनेमा गोड, शहरातला नवा पूल गोड, प्राचार्यांचं भाषण गोड. माझं लग्न ठरलं आणि नवरामुलगा दुकानात भेटायला आला, तेव्हा तो गेल्यावर सर म्हणाले, "गोड आहेत." मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

त्यांना एक कॅसेट काढायची होती. आठ गाणी, सगळी त्यांची, मराठीत. नाव ठरलेलं होतं, 'खारं लोखंड'. ड्रमला लग्नाच्या बँड पार्टीतला दिलीप मिळाला. त्याला नुसतं 'जोरात' आणि 'अजून जोरात' एवढंच सांगावं लागायचं आणि ते त्याला मनापासून आवडायचं. गिटार सर स्वतः. गाणारा मिळत नव्हता. कॉलेजातली मुलं यायची, घसा खरवडून ओरडायची, आणि सर त्यांना "तुम्ही रागावल्याचं नाटक करताय" म्हणून परत पाठवायचे.

मग एक दिवस ते मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर ऐकायला गेले. शेजारी बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. सर शुद्ध शाकाहारी, मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावणारे. पण लिलाव पुकारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकला आणि रुमाल खिशात घालून ते त्या चिखलात उभे राहिले. संध्याकाळी त्या माणसाला घेऊनच दुकानात आले.

ते हनीफभाई. पन्नाशीचे, बुटके, छाती रुंद, डोक्यावर विणलेली टोपी. तीस वर्षं बंदरावर लिलाव पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता की नुसतं "पाणी मिळेल का" म्हटलं तरी काचेचं कपाट थरथरायचं.

"बाय," ते मला म्हणाले, "हे सर सांगतात ते माज्या डोक्यात काय शिरत नाय. पण एक इचारतो. ह्यात सैतान-बितान नाय ना? आमच्यात चालायचं नाय."

मी सरांकडे बघितलं.

"नाही," सर म्हणाले. "कॉम्प्रेसर आहे."

हनीफभाईंनी गाण्यांचे कागद हातात घेतले. गंजलेल्या नांगरावर एक गाणं होतं, अमोनियाच्या गळतीवर एक, पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या बोटीवर एक. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "चांगलं लिव्हलंय," ते म्हणाले. मग सरांनी ते कसं म्हणायचं ते करून दाखवलं. हनीफभाईंनी कागद परत पुढे केले. "मंग सर, कुणाला कळायचंच नसंल तर लिव्हता कशाला?"

पण त्यांना ते जमलं. पहिल्याच दिवशी असं जमलं की दिलीपच्या हातातली काठी पडली. रविवारी दुपारी जमायचं ठरलं, आणि रविवारची माझी झोप गेली.

सरांबरोबर काम करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. एखादं गाणं उत्तम व्हायचं. मी हेडफोन काढून म्हणायची, झालं. सर मान हलवायचे. "नीट झालं," ते म्हणायचे, आणि ही तक्रार असायची. पुन्हा घ्यायला लावायचे. कधी खिडकी उघडी ठेवून, कधी पंखा लावून, कधी दिलीपला ओला शर्ट घालून. नांगराच्या गाण्याला त्यांना बेस गिटार नको होती, त्या जागी बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर हवा होता. म्हणून मी माझी यंत्रं रिक्षात घालून तिथे नेली. बर्फाच्या लाद्या फोडायच्या क्रशरशेजारी उभी राहून रेकॉर्डिंग केलं. हात बधिर झाले. दुकानात परतल्यावर सर म्हणाले, "कॉम्प्रेसर आज मनापासून चालत नव्हता."

मी त्यांना एकदा हाकललंही. जाखडीवाल्या शाहिरांची तारीख त्यांनी परस्पर बदलली होती, कारण त्या दिवशी हवेत दमटपणा चांगला होता. मी म्हटलं, "सर, उद्यापासून इथे यायचं नाही." ते शांतपणे गेले. पुढच्या रविवारी हनीफभाई आणि दिलीप आले, त्यांच्या मागे सर आले, बाहेरच्या बाकावर बसले आणि आत पाऊल टाकलं नाही. हनीफभाई म्हणाले, "बाय, त्यांना घ्या आत. त्यांच्यावाचून मला लाज वाटते ओरडायची." मी दार उघडलं.

हनीफभाईंना ते का आवडायचं, हे मी एकदा विचारलं होतं. ते चहा फुंकत म्हणाले, "लिलावात सगळे माशाकडं बघतात. हितं माज्याकडं बघतात."

चार गाणी झाली. दोनेक वर्षं लागली. पाचव्या गाण्याच्या वेळी हनीफभाईंचा आवाज मध्येच तुटायला लागला. सरांना आधी तो तुटलेला आवाज आवडला, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर ह्याच गोष्टीवरून त्यांचं मन त्यांना खूप खात राहिलं. तुटणं वाढत गेलं. लिलाव पुकारताना ते मध्ये थांबायला लागले. इथल्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं आणि मुंबईला पाठवलं. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. आवाजाची पेटी काढावी लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

सर त्यांच्यामागे मुंबईला गेले आणि डॉक्टरांना एकटे भेटले. मला हे भाभींकडून, हनीफभाईंच्या बायकोकडून कळलं. सरांनी विचारलं होतं, हे ओरडण्यामुळे झालं का. डॉक्टर म्हणाले, विडीमुळे झालं. गाण्याने कॅन्सर होत नाही. सरांनी तरी पुन्हा विचारलं. डॉक्टर वैतागून म्हणाले, "तुम्हाला दोष घ्यायचाच असेल तर घ्या, मला पुढचा पेशंट बघायचाय."

ऑपरेशन झालं. माणूस वाचला. सरांनी गिटार पेटीत घातली आणि कित्येक महिने दुकानाची पायरी चढले नाहीत. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रविवारी दुपारी झोप मिळायला लागली. मात्र ती नीट लागायची नाही.

ते परत आले ते माझ्या नव्या कॉम्प्युटरची बातमी ऐकून. मी नुकताच घेतला होता, आवाज कापायला-जोडायला. सर आत आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "चार गाणी आहेत. दुसरी चार ह्या चारांतूनच काढायची. हनीफभाईंचा आवाज सुट्टा करायचा, तोडायचा, आणि त्याखाली यंत्रं घालायची. क्रशर, करवत, जाळी ओढायची विंच, बोटीचं इंजिन. ए साइडला गाणी. बी साइडला कारखाना."

"दुसरा गाणारा घ्या," मी म्हटलं.

"नाही."

"सर, तो माणूस घरी बसलाय. पाटीवर लिहून पाणी मागतो. आणि तुम्ही त्याच्या आवाजाचे तुकडे करणार? तो जिवंत आहे अजून."

सर उठून गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी कळलं की ते सरळ हनीफभाईंच्या घरी जाऊन विचारून आले. हनीफभाईंनी पाटीवर लिहिलं होतं, 'करा. पण मला ऐकवा.' भाभींनी मात्र सरांना दारातच खडे बोल सुनावले होते. "हे तुमच्याकडं सैतानासारखं ओरडतात ते ठेवलंत. साधं बोललेलं काय ठेवलंत? ते कुटं हाय?"

ते होतं. सर कधीच मला टेप थांबवू द्यायचे नाहीत, दोन गाण्यांमध्येही. रिकाम्या टेपचा नास, असं मी कटकट करायची. त्या जागी हनीफभाई चहा मागत होते, दिलीपच्या केसांची थट्टा करत होते, सरांना "जरा दम घ्या" म्हणत होते. मी ते सगळं वेगळं काढलं, एक कॅसेट भरली आणि भाभींना नेऊन दिली. त्यांनी ती माझ्यासमोर लावली नाही. दोन्ही हातांत धरून आत गेल्या.

पुढे वर्षभर बी साइडचं काम चाललं. वर्षभर माझ्या कॉम्प्युटरवर करवत चालली. शेजारच्या शिंप्याने तक्रार केली. माझ्या सासूबाई एकदा दुकानात आल्या आणि पाच मिनिटांत परत गेल्या. एकच आरोळी घ्यायची, तिचे दाण्याएवढे तुकडे करायचे, ते क्रशरच्या ठोक्यावर बसवायचे, आणि मग सर म्हणणार, "हे नीट झालं," की पुन्हा पहिल्यापासून. पण एक कबूल करते. अमोनियाच्या गाण्याचं जे झालं, त्यात शेवटी कॉम्प्रेसर कुठला आणि माणूस कुठला हे मलाही ओळखता येईना. मी हेडफोन काढून बाहेर जाऊन उभी राहिले.

बी साइडच्या चारांपैकी तीन तुकडे झाले. चौथा जमत नव्हता. अशात एका दुपारी हनीफभाई स्वतः दुकानात आले. बारीक झाले होते, गळ्याभोवती मऊ फडकं. खिशातून त्यांनी विजेरीएवढं एक यंत्र काढलं, हनुवटीखाली लावलं आणि बटण दाबलं. मुंबईच्या हॉस्पिटलातून मिळालं होतं. ते गळ्याला लावलं की थरथरतं आणि ओठ हलवले की त्या थरथरीचेच शब्द होतात.

"बाय," त्या यंत्रातून आलं. सपाट, एकसुरी, माशी डबीत कोंडल्यासारखं. "चाय सांगा."

मी चहा सांगायला वळले आणि सरांना बघितलं. आयुष्यभर ज्या माणसाने माणसाच्या आवाजात यंत्र शोधलं, तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

हनीफभाईंनी तीन तुकडे ऐकले. मान हलवली. चौथ्याची अर्धवट यंत्रं ऐकली आणि माइककडे बोट केलं.

"नको," सर म्हणाले.

"का?"

"नको, हनीफभाई. असं नको. बाकीच्या टेपमधून काढतो मी काहीतरी."

"सर, ह्यो माजा आवाज हाय आता. दुसरा येणार नाय. तो जुना तुमाला चालतो आनि ह्यो नाय चालत?"

 सर माझ्याकडे वळले, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी माइक हनीफभाईंच्या उंचीला आणला आणि टेप सुरू केला. त्यांनी गाणं म्हटलं नाही, लिलाव पुकारला. सुरमई, पापलेट, बांगडा, म्हाकूल. एक वार, दोन वार, तीन वार. सर सबंध वेळ पाठ करून उभे होते. संपल्यावर मी वाट बघत होते, आता म्हणतील पुन्हा घ्या. नाही म्हणाले. त्या सबंध कॅसेटमधली ती एकच गोष्ट एका दमात झाली.

'खारं लोखंड' निघाली. सरांना कव्हरवर 'बी साइड: कारखाना' हवं होतं. मी, धंदा बघून, 'रिमिक्स' छापलं. तेव्हा जुन्या हिंदी गाण्यांच्या रिमिक्सचं पेव फुटलं होतं आणि रिमिक्स म्हटलं की गिऱ्हाईक न ऐकता घ्यायचं. त्यामुळे कॅसेट खपली, हे खरं. एका घरी ती हळदीला लागली. एका खलाशाने परत आणून दिली, म्हणाला, "ताई, टेप बिघडलेली हाय, बी साइडला माज्या बोटीचं इंजिन येतंय." सरांना मी हे सांगितलं तर त्यांनी त्या खलाशाचा पत्ता मागितला, बोट बघायला. काही कॅसेट त्यांनी परदेशात पाठवल्या. त्या बोटीवरच्या गोऱ्याचं उत्तर आलं की ए साइड चांगली आहे, बी साइड ऐकून त्याला झोप लागली नाही. हे पत्र सर महिनाभर सगळ्यांना दाखवत फिरले. 'रिमिक्स' ह्या शब्दासाठी मात्र ते माझ्याशी तितकाच काळ भांडले.

मग पावसाळा आला. मासेमारी बंद झाली, आणि नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा निघाल्या. त्याच आठवड्यात जाखडीचे शाहीर दहा माणसं घेऊन रेकॉर्डिंगला आले आणि माझा चांगला माइक जागेवर नव्हता. विचारायची गरज नव्हती. मी शाहिरांना बसायला सांगितलं, रिक्षा केली आणि सरांची खोली गाठली. कुलूप. शेजारीण म्हणाली, सर पहाटेच बंदरावर गेले, डोक्यावर पेटी घेऊन.

बंदरावर पोचेपर्यंत मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. पहिली बोट लागलेली. बांगड्याचा ढीग जमिनीवर ओतलेला. भोवती व्यापारी, मासळीवाल्या, खलाशी. मध्ये हनीफभाई, एका हातात गळ्याचं यंत्र, दुसऱ्या हातात माझा माइक. मागे सर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय मासळीच्या पाण्यात. त्यांच्यासमोर खोक्यावर त्यांचा बोटीवरून आणलेला गिटारचा ॲम्प्लिफायर होता, पाठ उघडून ट्रकच्या बॅटरीला जोडलेला, वर देवळाच्या उत्सवात लावतात तसा कर्णा. तो ॲम्प्लिफायर पुन्हा गिटारला जोडता येणार नव्हता, हे मला बघूनच कळलं.

हनीफभाईंनी पुकारायला सुरुवात केली. तो सपाट आवाज कर्ण्यातून सबंध धक्क्यावर गेला. लोक माना वळवून बघायला लागले. मग एक तरुण बोटमालक घशाला बोट लावून तसाच आवाज काढायला लागला आणि दोन-चार जण हसले.

हनीफभाईंनी माइक त्याच्याकडे वळवला. "तुजी बोट आज शेवटी घेईन," कर्ण्यातून आलं. "बरफ जास्त आन."

आता हसणं दुसऱ्या बाजूने आलं आणि ते मोठं होतं. तो मुलगाही ओशाळून हसला. बांगड्याच्या ढिगापाशी उकिडवी बसलेली एक म्हातारी मासळीवाली हात वर करून म्हणाली, "पुढं बोल रे हनीफ, ऊन चढतंय. माजी बोली धर." तिच्यावर दुसऱ्याने चढवली, त्याच्यावर तिसऱ्याने. एक वार. दोन वार. तिसऱ्याला कर्णा असा घुमला की धक्क्यावरचे कावळे उडाले.

ढीग म्हातारीलाच गेला. मी जे बोलायचं ठरवून आले होते ते मला आठवेना. सर पाण्यातून चालत माझ्यापाशी आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, माइकबद्दल काहीतरी म्हणतील.

"टेप आणलात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही. मी माइक न्यायला आले होते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सबंध जगात माझ्याएवढी निष्काळजी बाई त्यांनी पाहिली नसावी. मग ते परत बॅटरीपाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या बोटीचा माल उतरत होता. मी माइकशिवाय रिक्षात बसले आणि दुकानात जाऊन शाहिरांना सांगितलं की उद्या या.